कोलाचवरचे बदाम

मुक्ताच्या आयुष्यातला पहिलावहिला स्टॉल, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस. आता याला काय म्हणायचं?

सकाळी म्युनिकचं आभाळ कसं लख्ख होतं. हाइडहाउझेनमधल्या एका जुन्या इमारतीच्या अंगणात फ्लोमार्क्ट भरला होता, म्हणजे लोकांच्या घरातले नको झालेले कप, दिवे, पुस्तकं, जुने रेकॉर्ड. त्यातच एका कोपऱ्यात मुक्ताने आपलं टेबल मांडलं होतं. आठवडाभर ती एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि सुट्टीच्या दिवशी जलरंगात खाण्याचे पदार्थ रंगवायची. त्यातल्याच काही चित्रांचे प्रिंट तिने जाड कागदावर काढून आणले होते. आणि दुपारी... टप. टप. मग एकदम बदाबदा.

"आई गं, भिजलं सगळं," ती पुटपुटली. हातात प्रिंटचा गठ्ठा, आणि डोक्यावरची ताडपत्री वाऱ्याने सुटून फडफडायला लागलेली.

"ताडपत्री मी धरतो. तुम्ही चित्रं उचला."

मराठीत. अगदी घरातल्यासारख्या मराठीत. मुक्ताने वर पाहिलं. निळं जॅकेट, कपाळावर चिकटलेले ओले केस, आणि ताडपत्रीचं टोक धरून उभा असलेला एक उंच मुलगा. ताडपत्रीवरचं पाणी ओघळून थेट त्याच्या बाहीत शिरत होतं आणि तो काही हात खाली घेत नव्हता.

पाऊस ओसरेपर्यंत त्याला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून तो चित्रं बघत राहिला. एका प्रिंटवर त्याची नजर थबकली.

"हा कोलाच आहे ना?"

मुक्ताला त्याला मिठीच मारावीशी वाटली. सकाळपासून लोक त्या चित्राला पिझ्झा म्हणत होते. चेक देशाच्या सीमेलगत, खोडस्को नावाच्या भागात हा गोड पदार्थ करतात. ताटलीएवढी गोल, जाडसर पोळी, तिच्यावर खसखस, आलुबुखाराचा जॅम आणि क्वार्क, म्हणजे जर्मनीतली मराठी माणसं चक्क्याऐवजी ज्याचं श्रीखंड करतात ते. या तीन रंगांची वर रांगोळीसारखी नक्षी. गेल्या शरदात ती रेल्वेने दोमाझलित्से गावी गेली होती, तिथे तिने तो खाल्ला आणि परत येऊन रंगवला.

"हो, खोडस्कोचा," ती म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या घरमालकीणबाई तिथल्याच आहेत. फ्राऊ हानुशोवा. छान काढलंय हं... पण बदाम राहिले."

"काय?"

"वरचे बदाम. आणि बेदाणे."

"मी खाल्ला त्याच्यावर नव्हते."

"मग तुम्हाला फसवलं." तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आणि क्वार्क कुठाय? पांढरं काही दिसत नाही."

"जलरंगात पांढरं लावत नाहीत. तेवढा कागद सोडून द्यायचा असतो."

"म्हणजे जिथे तुम्ही काहीच केलं नाही, तिथे क्वार्क आहे?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"भारी धंदा आहे," तो म्हणाला, आणि मुक्ता इतकी हसली की हातातला गठ्ठा पुन्हा सुटता सुटता राहिला.

त्याचं नाव वेद. अमरावतीचा. गाड्यांच्या दारांचं डिझाइन करायचा. त्याने तो बदामाविना कोलाच घरमालकीणबाईंसाठी विकत घेतला आणि तिचा नंबरही घेतला. दुरुस्त्या कळवायला, म्हणे.

दुरुस्त्या आल्या त्या एका स्टीलच्या डब्यातून. फ्राऊ हानुशोवांनी पुरावा म्हणून खरा कोलाचच पाठवला होता, तुकडे करून, भरपूर बदाम लावून. आता डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे तर सांगलीतल्या पोरीला शिकवावं लागत नाही. मुक्ताने त्यात शंकरपाळे भरले. डबा पुन्हा आला तो खसखशीच्या करंजीसारखं काहीतरी घेऊन. मग हिचा चिवडा. मग तिकडून आणखी काही. डबा त्याच्या पासिंगहून तिच्या गीझिंगला आणि गीझिंगहून पासिंगला एसबानने, म्हणजे तिथल्या लोकलने, फिरत राहिला, आणि कधीतरी त्या फेऱ्यांमध्येच 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मुक्ताला मात्र सुख नव्हतं. चुका शोधणं हे तिचं पोट भरायचं साधन, आणि दुर्दैवाने सवयही. त्याने मेसेजला उशिरा उत्तर दिलं की ती आपलाच मेसेज पुन्हा वाचायची, कुठे जास्त बोललो का? लवकर उत्तर दिलं की वाटायचं, नुसतं सौजन्य असेल. एकदा दोघं ईझार नदीच्या काठावर बसले होते. ती बदामांसकट नवा कोलाच रंगवत होती, तो पाण्याचा डबा सांभाळत होता.

"चित्रकाराला खिडकी कुठल्या दिशेची लागते गं?" त्याने विचारलं.

"उत्तरेची. तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो. का रे?"

"काही नाही. असंच."

त्या 'असंच'वर मुक्ताने घरी जाऊन तासभर विचार केला आणि अखेर ठरवलं की खरंच असंच असणार.

मग आली ती पेटी.

वेद तिला संध्याकाळी मारीएनप्लाट्झ स्टेशनच्या फलाटावर भेटला, घाईत. त्याच्या हातात या वेळी स्टीलचा डबा नव्हता, तो तर मुक्ताकडेच पडून होता. हातात होती पांढऱ्या कागदाची छोटी पेटी. पांढरी फीत, आणि फितीत खोवलेली रोजमेरीची हिरवी काडी.

"हे तुला द्यायचं होतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि एक सांगायचंय... पण असं फलाटावर नको. शनिवारी घरी येशील?"

"काय सांगायचंय?"

"शनिवारी." गाडी आली, दार बंद झालं, आणि काचेमागून त्याने हात हलवला.

मुक्ताने फीत सोडली. आत चिमुकले, एका घासाचे कोलाच. दोमाझलित्सेच्या बेकरीतल्या आजीबाईंनी तिला हे असलेच कोलाच दाखवले होते. लग्नाच्या आधी हे करतात, त्यांनी सांगितलं होतं, आणि ज्याच्या घरी लग्न असतं तो शेजारीपाजारी, कामावर, मित्रमैत्रिणींकडे वाटतो. पांढरी फीत आणि रोजमेरी लग्नाचीच. कुणी दाराशी अशी पेटी घेऊन आलं की वेगळं सांगायची गरज नसते, याचं लग्न ठरलं.

वेदचं लग्न ठरलं होतं.

त्यातून दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज. 'दुसऱ्या गावी, झिंडेलफिंगेनला नोकरी लागली. फ्लॅट पण मिळतोय, दोन खोल्यांचा. एकट्याला कशाला एवढा, पण...' त्या 'पण'च्या पुढे नुसते ठिपके.

"अगं, सरळ विचार ना त्याला," मुक्ताची घरसाथीण ईप्सिता म्हणाली. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या त्या पेटीतला चौथा कोलाच खात होती.

"काय विचारू? लग्न कुणाशी करतोयस म्हणून? तो शनिवारी सांगणारच आहे."

"मग रडतेस कशाला?"

"मी रडत नाहीये. कांदा चिरतेय."

"कांदा फ्रीजमध्ये आहे, मुक्ता."

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिला माहीत. ऑफिसात तिला एकही चूक सापडेना, आणि वरिष्ठांना वाटलं की सॉफ्टवेअर सुधारलं. झोप लागायची नाही. लागली की त्याच्या शेजारी चेहरा नसलेली एक मुलगी दिसायची. खरं सांगायचं तर मुक्ताला स्वतःचाच जास्त राग येत होता. इतक्या फेऱ्या डब्याने केल्या, त्यातल्या एकीत तरी तिने तोंड उघडायचं होतं. तिला तो आवडत होता, पहिल्या दिवसापासून, बाहीतून पाणी गळत होतं तेव्हापासून. पण जिथे बोलायचं तिथे ती कागद कोराच सोडत आली होती.

जायचं नाही, असंही एकदा मनात आलं. पण डबा त्याचा, आणि तो गाव सोडून चाललेला. मग त्यात भरायचं काय? बेसनाचे लाडू करायला घेतले तर बेसन करपलं. शेवटी तिने सांगलीला फोन लावला.

"आई, एका मित्राचं लग्न ठरलंय. काय देऊ?"

"मुलगी कोण आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? मित्र ना तुझा?" पोरीच्या आवाजात काय आहे ते आईला कळलं असेल का, कोण जाणे. "बरं. होणाऱ्या सुनेची ओटी दे. मी तुझ्या बॅगेत खण ठेवलाय बघ, हिरवा. तू नुसतं सामान दे हो, भरायला तिथली कुणी मोठी बाई बघ."

मग मुक्ताने डबा घासूनपुसून लख्ख केला. तळाशी तांदूळ घातले. हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. वरून हिरव्या खणाची घडी. घडी तिने तीनदा मोडून नीट केली. तिच्याशी वाकडं काय आहे आपलं, ती मनाशी म्हणाली, त्या बिचारीने काय केलंय? झाकण लावलं आणि नव्या चित्राचा प्रिंट गुंडाळून बगलेत धरला.

पासिंगच्या त्या घराचं दार वेदनेच उघडलं. आत खोक्यांची रास होती आणि स्वयंपाकघरातून लोणी वितळल्याचा वास येत होता. फ्राऊ हानुशोवा आतूनच काहीतरी गुणगुणत होत्या.

"ये ना. चेहरा का असा झालाय तुझा?"

"काही नाही. अभिनंदन," मुक्ता एका दमात म्हणाली.

"थँक्स. पगार फार नाहीये, पण काम चांगलं—"

"नोकरीचं नाही. लग्नाचं."

"कुणाच्या लग्नाचं?"

"तुझ्या."

"माझं लग्न आहे?"

"तूच तर पेटी दिलीस," ती म्हणाली. "फीत, रोजमेरी, छोटे कोलाच... ज्याचं लग्न असतं तोच वाटतो ते. मला माहितीये. मला तिथल्या आजींनी सांगितलंय."

वेद हळूच एका खोक्यावर बसला. "मुक्ता, लग्न त्यांच्या नातीचं आहे. दोमाझलित्सेला. आठवडाभर भट्टी चालू होती इथे. एक पेटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुझ्या चित्रकार मुलीला दे. मला काय माहीत त्याचा अर्थ?" मग त्याला काहीतरी आठवलं. "फीत बांधताना म्हातारी हसत होती खरी."

स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं होतं.

"मग तुला सांगायचं काय होतं?" मुक्ताने विचारलं.

"घराचं." तो मानेमागे हात नेत म्हणाला. "दोन खोल्या आहेत. एकट्याला एकच बस झाली असती. पण दुसरीची खिडकी उत्तरेला आहे... होकायंत्र घेऊन तीन घरं बघितली मी. घरमालकाला वाटलं मी वेडा आहे."

मुक्ताने बगलेतला प्रिंट खोक्यांवर ठेवला.

"लगेच काही ठरव असं नाही म्हणत मी," तो घाईघाईने म्हणाला. "म्युनिकहून रेल्वे आहे. मी येईन दर शनिवारी, तू कधीतरी ये, रंगव, परत जा... फक्त ती खोली तुझी. मला तू आवडतेस. हे मी फलाटावर सांगणार होतो, पण घाबरलो."

"मी पण," मुक्ता म्हणाली. "पहिल्या दिवसापासून घाबरलेय."

"घाबरलीयेस, की..."

"दोन्ही."

तो हसला, आणि मग त्याचं लक्ष तिच्या हातातल्या डब्याकडे गेलं. त्याने तो घेतला, झाकण उघडलं. हिरवा खण, हळकुंड, सुपारी, तांदूळ. अमरावतीच्या मुलाला ते काय आहे ते सांगावं लागलं नाही. त्याने खणाच्या घडीवरून बोट फिरवलं.

"ही तिच्यासाठी आणलीस? जी नव्हतीच, तिच्यासाठी?"

"डबा रिकामा कसा देणार?" मुक्ता डोळे पुसत म्हणाली.

वेदने झाकण पुन्हा लावलं, जपून, दोन्ही हातांनी दाबून. आणि डबा तिच्या हातात परत ठेवला.

"मग मीही रिकामा देत नाही," तो म्हणाला.

"आई म्हणाली, ओटी भरायला मोठी बाई लागते."

"आत आहे की एक. दाराला कान लावून."

दारामागे भांडं वाजलं. मुक्ताला हसू आलं आणि रडूही, आणि तिने डबा पोटाशी घट्ट धरला.

"आईचा आता फोन येईल," ती म्हणाली. "विचारेल, ओटी दिलीस का म्हणून. काय सांगू?"

वेदने तिच्या गालावरचा ओला केस बाजूला केला.

"सांग... घरातच राहिली."