झोफी बोदीचा तिसरा रविवार

दरवेळी माझंच डोकं खायचं. तुमच्या फोनात एवढी भुतं आहेत, ती बघा की! बरं, शेगडीत लाकूड टाका नि गप बसा. एकदाच सांगीन.

आपले पाळकसाहेब, बारना केलेमेन. भला माणूस, पण जुन्या कागदांचं वेड. ट्रान्सिल्व्हेनियातल्या कुठल्या रिफॉर्म्ड चर्चात कुठली वही कुजतेय, त्यांना विचारा! आपल्या शोमफल्वा गावच्या चर्चच्या मंडळीचा इतिहास लिहीत होते. २०१९ची सतरा जानेवारी, गुरुवार. चर्चच्या चाव्या माझ्याकडं, म्हणून रात्री पावणेदहाला माझ्या दारात.

"आंबरूशकाका, चर्चची चावी द्या."

"आत्ता? जानेवारीत तिथं देवसुद्धा बसत नाही."

थंडीत आपली उपासना शाळेच्या खोलीत. चर्च ईस्टरपर्यंत बंद.

"सकाळी छापखान्याला पान द्यायचंय. झोफी बोदीचं. एक ओळ बघून येतो."

ही झोफी १७६४ची. लग्नाआधी पोर झालं. तेव्हाची शिक्षा अशी, की तीन रविवार चर्चच्या दारातल्या दगडावर अनवाणी उभं राहायचं. तिसऱ्या रविवारी पाळकानं 'हिला क्षमा करता?' विचारायचं, जमलेल्या मंडळीनं 'क्षमा केली' म्हणायचं, मग आत घ्यायचं. जुन्या वहीत दोनच रविवार लिहिलेले. पुढं कोरं. पाळकसाहेबांनी आपल्या मनानं लिहून टाकलं, तिसऱ्या रविवारी ती आलीच नाही. तेच त्यांना खुपत होतं.

पुढचं त्यांनी त्याच रात्री मला सांगितलं. दात वाजत होते.

चर्चमधल्या पेटीतून वही काढली. टॉर्च धरला. पान कोरंच. माघारी वळले, तर दारातल्या दगडावर कुणीतरी उभं. बाई. पायांत काही नाही.

"कोण आहे?"

"आले होते मी."

एवढंच...

दार एकच. ती हलेना. टॉर्च विझला. पाळकसाहेबांचे पाय बधिर व्हायला लागले. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. मग वर.

"मी... मी क्षमा केली."

"तुम्ही नाही."

खरंच की. एकट्या पाळकाची क्षमा तिथं चालत नसे. मंडळीनं म्हणायला हवी. आणि पाठीमागं नुसते रिकामे बाक. शेवटी अंधाराकडं तोंड करून विचारलं, "मंडळी... हिला क्षमा करता?"

काही नाही...

काही नाही...

मग डावीकडून, बायकांच्या बाजूनं.

"केली."

मग उजवीकडून. मग वरच्या माडीवरून. एकेक बाक. जवळ. आणखी जवळ. कानाशी.

"केली."

वळले. दार मोकळं.

उजाडताच आम्ही दोघं गेलो. हिवाळ्यात त्या बाकांवर बर्फाची पांढरी साय धरते. सगळ्या बाकांवरची वितळलेली, माणसं बसून उठल्यासारखी. लाकूड ओलं. फक्त पुरुषांकडचा पहिला बाक पांढराफेक. नखाचा ओरखडासुद्धा नाही. बाक आपल्यात घराण्याचे, पिढ्यानपिढ्या तेच. तो बार्तांचा. त्या घराण्यातून 'केली' म्हणायला कुणी आलंच नव्हतं.

पाळकसाहेबांनी आपली 'ती आलीच नाही' ही ओळ खोडली. मी मंडळीच्या बैठकीत बाकाचं सांगितलं, तर सगळ्यांदेखत एक जण उठून मला म्हणाला, "म्हाताऱ्यानं दारू ढोसली होती." अरे, बायको गेली त्या दिवसापासून थेंब नाही घेतला मी! माफी मागायची राहिलीय अजून. त्या देनेश बार्तानं.