दुसरा खेळाडू

हे खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. पण नाही. देवाशपथ सांगतो, जसं घडलं तसंच लिहितोय.

तुम्ही म्हणाल, असलं सगळं मध्यरात्री घडतं. माझ्याकडे घडलं ते रविवारी, भर दुपारी. खिडकीतून टळटळीत ऊन येत होतं. खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. तिसऱ्या मजल्यावरची माझी एकच खोली, आणि टेबलावर दादाचा लॅपटॉप.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा, कामासाठी सारखा परगावी असायचा. गेल्या वर्षी आजारपणात गेला. मागे वहिनी आणि त्यांची लेक. तिला आम्ही गुंडी म्हणतो. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती, म्हणून.

मी विम्याच्या ऑफिसात कारकून. पण घरात कुणाचाही मोबाइल अडला की मीच डॉक्टर! म्हणून वहिनीनं लॅपटॉप माझ्याकडे दिला. परगावी असताना दादा गुंडीला झोपताना ऐकायला रोज एक गोष्ट रेकॉर्ड करायचा. त्या सगळ्या गोष्टी त्यात होत्या. लॅपटॉप कधीही मान टाकेल, तेवढ्या काढून द्या भावजी, असं ती म्हणाली.

काम तासाभराचं होतं. मी महिना लावला.

कारण त्यात मला दादाचा एम्युलेटर सापडला. म्हणजे आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ते गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉप इतका जुनाट की गेम निम्म्या वेगानं चालायचा. संगीत रडल्यासारखं, फुटकं यायचं. तरी मी खेळत बसलो. खाणीतून कंदील घेऊन जाणारा एक बुटका माणूस. दोघं खेळत असतील तर सोबत लाल टोपीवाला दुसरा.

वहिनीचा फोन आला की मी सांगायचो, पार्ट मागवलाय, येईल एवढ्यात. कसला पार्ट आणि कसलं काय! घोड्याएवढा झालोय आणि खोटं बोलून गेम खेळतोय. लाज वाटायची. पण फोन ठेवला की हात पुन्हा त्याच बटणांवर.

त्या रविवारी गेम सेव्ह होईना. डिस्कवर जागा नाही.

मी सगळ्यात मोठं फोल्डर शोधलं. नाव होतं ‘नवीन फोल्डर’. असली दहा फोल्डरं प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर लोळत असतात, कचरा. आत काय आहे ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. आम्हा शहाण्यांची एक सवय असते. पुसलेलं कचरापेटीत जाऊ न देता थेट कायमचं उडवायचं. दोन बटणं एकदम दाबली. खात्री आहे का, असं त्यानं विचारलं. न वाचता ‘हो’ केलं.

गेम मजेत सेव्ह झाला.

थोड्याच वेळात वहिनीचा फोन. आवाज ओला होता. गुंडीनं विचारलं होतं, बाबांचा आवाज कसा होता गं, मला आठवत नाहीये. वहिनीला सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, "भावजी, पार्ट राहू द्या. ह्यांनी ते सगळं ‘नवीन फोल्डर’मध्ये ठेवलंय बघा. तेवढंच आणून द्या."

मी घाईघाईनं फोन ठेवला.

फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. नावं आली. आत काहीच नाही. त्या जागेवर माझा गेम जाऊन बसला होता.

मी डोकं धरून बसलो.

आणि तेव्हा... संगीत थांबलं.

गेम मागे चालूच राहिला होता. मी पडद्याकडे पाहिलं. माझा बुटका माणूस कंदील घेऊन उभा होता. आणि खाणीच्या पार कोपऱ्यात...

लाल टोपी.

मी एकट्याचाच खेळ निवडला होता. दुसरा कंट्रोलर सोडा, माझ्याकडे पहिलासुद्धा नव्हता. मी कीबोर्डवर खेळायचो. म्हटलं, म्हातारं मशीन आहे, काहीतरी बिघडलं असेल.

लाल टोपीवाला चालायला लागला. हळूहळू. माझ्या माणसाजवळ येऊन थांबला.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मग स्पीकरमधून खरखर आली... आणि त्या खरखरीत कुणीतरी घसा खाकरला.

तसा घसा एकच माणूस खाकरायचा.

मी लॅपटॉपचं झाकण दाबून बंद केलं. आतून, निम्म्या वेगानं, ओढल्यासारखा आवाज आला... "झो...प...ली...स... का...?"

मी रडलोच. "दादा, चुकलं माझं," म्हटलं.

आवाज थांबला. कितीतरी वेळानं मी झाकण उघडलं. लाल टोपीवाला माझ्याकडे पाठ करून खाणीच्या अंधारात निघाला होता.

पुढचा आठवडा मी त्याची वाट पाहिली. तो आला नाही. घसा खाकरल्याचा आवाजही नाही. मी हात जोडले, माफी मागितली, नुसता बसून राहिलो. माझ्यासाठी तो आलाच नाही.

पुढच्या रविवारी वहिनीला दुपारी कामावर बोलावलं, म्हणून तिनं गुंडीला माझ्याकडे सोडलं. मी ठरवलं होतं, संध्याकाळी वहिनी आली की पाया पडून सगळं कबूल करायचं. तोवर पोरीला काय दाखवायचं? तिनंच लॅपटॉप ओळखला आणि गेम लावून दे म्हणाली.

मी दिला. चहा टाकायला ओट्याशी गेलो.

मागून तिचं हसू ऐकू आलं. मग ती गप्प झाली. मग पुन्हा हसली, कुणी गोष्ट सांगताना हसावं तशी.

मी वळलो. पडद्यावर कंदीलवाला आणि लाल टोपीवाला शेजारी शेजारी बसले होते. त्या गेममध्ये कुणाला बसता येत नाही.

मला फक्त ते रडकं संगीत ऐकू येत होतं. गुंडी मात्र कान देऊन मान डोलावत होती.

"काय ऐकतेयस गं?" मी कसंबसं विचारलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. गोष्ट संपेपर्यंत थांबवलं मला. मग अगदी सहज म्हणाली, "बाबा म्हणाले, गोष्टी गेल्याचं आईला सांगू नकोस. काका लहान आहे अजून."

मी अडतीस वर्षांचा आहे. आणि गोष्टी गेल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

चहा उतू गेला. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा लाज मोठी होती. अशी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी वहिनी आली. मी काही कबूल केलं नाही. गोष्टींचं विचारलं तर म्हटलं, काढतोय अजून.

आता गुंडी दर रविवारी येते. मी फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं, नुसती खरखर येते. पडद्याची बिजागरी तुटलीय, पंखा घरघरतो, खालून चटका बसतो. मी तो लॅपटॉप बंद करत नाही. बंद केला आणि पुन्हा चालू झालाच नाही तर?

वहिनीला वाटतं, मी पोरीला जीव लावतो. परवा ती दारात उभी राहून माझ्याच तोंडावर म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे, भावजी."

मी मान खाली घातली. आत गुंडी कुणालातरी सांगत होती, मग पुढे काय झालं ते सांगा ना...