ताईच्या मापाचा पोशाख

जो अंतराळपोशाख ताईने स्वतःच्या मापाने, स्वतःच्या हाताने, स्वतःसाठी शिवला होता, त्याच्या आत विहीणबाई उभ्या आहेत हे पाहताच तिच्या हातातली पिशवी गळून पडली!

"या, ताई!" विहीणबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "निरोप द्यायला आलात? किती मोठं मन हो तुमचं!"

मनाचं कोण जाणे, पोशाख मात्र नक्कीच मोठा होता. धाकट्या भावानेच लाडाने सांगितलं होतं, "ताई, कंबर जरा सैल ठेव गं. वर गेलं की माणूस फुगतं." आणि ती वेडी हरखून गेली होती... आईवडिलांमागे ज्याला वाढवलं, ज्याच्या शिक्षणापायी यानतळाच्या शिवणखात्यात परक्यांचे प्रवासी पोशाख शिवता शिवता स्वतःचं तारुण्य विरून गेलं, तो आता यानचालक झाला होता, तरी त्याला बहिणीच्या कंबरेची काळजी होती! तिने टाके उसवले, पट्टी जोडली, पुन्हा उसवली. "अजून थोडी," तो म्हणतच राहिला. इतकं कोण फुगतं, हा प्रश्न त्या निष्पाप अंतःकरणात आलाच नाही.

चंद्रावरच्या वसाहतीत कायमचं राहायला जाणाऱ्या चालकाला बायकोखेरीज एकच वडीलधारं माणूस नेता येई. बायको आधीच वर पोहोचली होती आणि ते माणूस म्हणजे ताई, हे घरात ठरलेलं होतं. तिने घर आवरलं, कुंड्या वाटून टाकल्या, भांडखोर शेजारणीला माफसुद्धा करून टाकलं. आता ते परत कसं घेणार?

धाकटा दारात येऊन खांबासारखा उभा राहिला.

"तिला दिवस गेलेत, ताई... तिला तिची आईच हवीय. तुला कसं सांगू, कळेना..."

"अहो, मला तर म्हणालात, ताईंनाच यायचं नाही, त्यांना उंचावर चक्कर येते!" विहीणबाईंचा चेहरा उतरला.

"जागा गेली त्याचं काही नाही रे," ताई म्हणाली. "मागितली असतीस तर हसत दिली असती! पण माझाच पोशाख माझ्याच हाताने सैल करून घेतलास... आणि मी खुळी, भाऊ माझी काळजी करतो म्हणून खातंभर सांगत फिरले!"

तेवढ्यात तपासनीस आला. त्याने विहीणबाईंच्या पोशाखात हवा भरली आणि दाबाचा काटा पाहिला. काटा हळूहळू उतरू लागला.

"गळतोय. यांना जाता येणार नाही."

विहीणबाईंना बसेल असा दुसरा पोशाख तळावर नव्हता. ताईला बसतील असे मात्र खुंटीला हवे तेवढे लटकत होते.

धाकट्याचा चेहरा उजळला. "ताई! तूच चल आता!"

ज्या सहजतेने तो बहिणीला सोडून निघाला होता, त्याच सहजतेने आता सासूला सोडायला तयार झाला होता! हा घाव पहिल्यापेक्षा खोल गेला...

गळ्याच्या कड्यात अडकलेली लोकरीची झालर ताईला केव्हाच दिसली होती. फक्त गप्प राहायचं होतं. पण वर दाराकडे डोळे लावून आईची वाट पाहणारी ती पोर...

"विहीणबाई, आत शाल घातलीत ना?"

"थंडी असते म्हणतात हो तिथे," विहीणबाई ओशाळल्या.

ताईने कडं उघडलं, झालर आत सारली, कडं आवळलं. तपासनिसाने पुन्हा हवा भरली. काटा जागचा हलला नाही.

धाकटा ओक्साबोक्शी रडू लागला. शिरस्त्राण चढवून झालेलं असल्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. "चुकलो गं, ताई! माफ केलं म्हण!"

ताईने मान फिरवली. तो शब्द काही केल्या ओठांवर येईना.

विहीणबाईंनी आपल्या जाडजूड हातमोज्यात तिचा हात घेतला. "तुम्ही इथून काय रागावणार? तिथे पोहोचल्यापासून जावयाशी मी अबोला धरते, तुमच्या वतीने. कधीपर्यंत धरू, तेवढं सांगा."

ताईने काचेआडच्या त्या भिजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाळ हसायला लागेपर्यंत," ती म्हणाली, आणि यानाचं दार लागल्यावर एकटीच रडली.