झाकणाखालचं गवत

नीलांगण क्रीडा मंडळाच्या मैदानावरचं गवत गेली पाच वर्षं कापावं लागत नव्हतं. दोन बोटं वाढून ते आपोआप थांबत असे. डॉ. मृणालिनी टिळेकर यांनी हरळीच्या पेशींमधला उंच वाढण्याचा संदेश पुसून ही थांबहरळी तयार केली होती. तिला पाणी कमी लागे आणि माणूस तर जवळजवळ लागतच नसे.

तरीही मंडळाची गवत कापायची जुनी गाडी मैदानाची देखभाल करणाऱ्या जालिंदर शेडगेने भंगारात जाऊ दिली नव्हती. बसून चालवायची ती लाल गाडी त्याने सव्वीस वर्षं सांभाळली होती. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा त्याने तिला मोटरसायकलचा कार्ब्युरेटर बसवला, पट्टा गिरणीवाल्याकडून आणला. नवं गवत लावलं त्या दिवशी टिळेकर मॅडमनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "शेडगे, याला बी धरत नाही. पण पेराचा एखादा तुकडा ओल्या मातीत पडला तर रुजेल. म्हणून याला पातं लावायचं नाही."

"नाही लावत, मॅडम," तो म्हणाला होता.

पण नुसतं सुरू करून बंद केलेलं इंजिन बिघडतं, त्याच्यावर भार पडायला हवा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दर रविवारी मैदान रिकामं झालं की तो पाती खाली सोडून कडेकडेने दोन फेऱ्या मारी. नंतर गाडी धुऊन, पात्यांवरचं लोखंडी झाकण आतून खरवडून पुसून ठेवी. आपण काळजी घेतोय, असंच त्याला वाटे.

त्या मार्गशीर्षात गाडी घरघरायला लागली. जालिंदरने तिला जॅकवर उचललं, पट्टा काढला, पाती सोडवली. मधल्या पात्याचं बेअरिंग गेलं होतं. त्याला तो वरून ग्रीस भरत आला होता, पण पाच वर्षांत ते उघडायची वेळ आली नव्हती. बेअरिंगचं घर सुटं झालं तेव्हा त्याच्यामागच्या खोबणीतून ओल्या, काळपट गवताचा मुठीएवढा गोळा बाहेर पडला. त्याने तो फोडला. आतल्या पेराला पांढरी मुळं फुटली होती आणि एक फिकट पान चिमटीएवढं वर आलं होतं.

पाना खाली ठेवताना जालिंदरला बहिणीच्या गावचं गायरान आठवलं.

दर वर्षी जत्रेच्या आधी तो गाडी टेम्पोत घालून हिंगणमाळला, बहीण शालनच्या गावी नेत असे. कबड्डीचं मैदान आणि त्याला लागून गायरानाची कड साफ करून देई. सगळं गाव कौतुक करी. शालन मात्र दोन वर्षांपासून फोनवर सांगत होती, "दादा, गायरानात चाराच उभा राहत नाही बघ. नुसतं खाली चिकटून असतंय. म्हशींच्या तोंडात येत नाही." पाऊस कमी पडला असेल, असं तो म्हणाला होता. तीही हो म्हणाली होती.

त्याने टिळेकर मॅडमना फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी गावाचं नाव आणि रस्ता विचारून घेतला. मग म्हणाल्या, "मी येते. तुम्हीही चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनसह तिघंही हिंगणमाळच्या गायरानात उभी होती. मॅडमनी गुडघे टेकून गवत बोटांनी विंचरलं, जमिनीलगत पसरलेली एक काडी उपटून पेरं मोजली. "हीच आहे," त्या म्हणाल्या. "उंच वाढायची ताकद आडवी पसरण्यात लावते. बाकीच्या गवतांना खाली उजेडच मिळत नाही."

"मारता येईल?" जालिंदरने विचारलं.

"औषध मारलं तर सगळंच मरेल. खणून, पेर अन् पेर वेचून काढावं लागेल. किती वर्षं लागतील, मला सांगता येणार नाही." त्या उठल्या. "चूक तुमची एकट्याची नाही, शेडगे. माणूस पातं लावणारच नाही, असं मी धरून चालले."

शालन पदराने तोंड पुसत ऐकत होती. तिच्यासकट वस्तीवरच्या बायका हल्ली चाऱ्यासाठी पलीकडच्या डोंगरावर जात होत्या. जालिंदर तिच्याकडे वळला. "शालन, तुला पाऊस कमी पडला म्हणालो होतो. हे माझ्या गाडीनं आणलं. मला नको म्हणून सांगितलेलं होतं, तरी मी केलं."

खाली वाकून तिने एक काडी ओढून पाहिली. तिची मुळं इतकी घट्ट होती, की काडी तुटली आणि मुळं मातीतच राहिली.

"तुझ्या गाडीवर तुझा जीव होता, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हाच गायरानात उतरून नीट बघितलं असतंस तर."

बांधावरची कुदळ घेऊन तो कबड्डीच्या मैदानाच्या कडेशी गेला आणि खणू लागला. मातीचं एकेक ढेकूळ फोडून त्यातली पेरं वेचून तो रिकाम्या पोत्यात टाकत होता. तासाभरात जेमतेम चटईएवढी जागा मोकळी झाली. शालन विळा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तीही वेचू लागली.

थोड्या वेळाने तिने हात थांबवला आणि मान वर न करताच विचारलं, "दादा, जत्रा काय आपल्याच गावाला असते का? ती गाडी तू आणखी कुठं कुठं नेली होतीस?"