पडद्यावरचा सालदार

नांदुऱ्यात स्टेशन रोडला नौशादचं दुरुस्तीचं दुकान. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी बियाणेवाले वामनराव तिथं एक जुना घरगुती कॉम्प्युटर घेऊन आले. कीबोर्डातच सगळं मशीन, टीव्हीला जोडायचं आणि गेम कॅसेटवरून चढवायचा. त्यांच्या मेलेल्या धाकट्या भावाचा, शरच्चंद्राचा.

"उद्या दुकानाले पन्नास वर्षं होऊन राह्यले. लोकायले दाखवू, तालुक्यातला पयला कॉम्प्युटर आमच्या घरी होता म्हून."

माणसानं निर्लज्ज तरी किती असावं! बीटीच्या नावाखाली बोगस बियाणं विकलं वामनरावांनी, आणि बोंडअळीनं शेतं खाल्ली तेव्हा बोट दाखवलं भावाकडे. लोकांनी भर बाजारात शरच्चंद्राच्या तोंडाला काळं फासलं. त्यानं दुकानातलंच फवारणीचं औषध घेतलं. नौशादला सोल्डरिंग धरायला त्यानंच शिकवलं होतं. म्हणून तर नौशादनं मशीन ठेवून घेतलं, नाहीतर वामनरावांना त्यानं पायरीही चढू दिली नसती.

कॅसेटला बुरशी आली होती. नौशादनं ती पुसली, तिचा आवाज लॅपटॉपवर उतरवला, त्यातून गेम काढून मेमरी कार्डात भरला आणि टेपच्या जागी मशीनला कार्डाचं सॉकेट बसवलं. संध्याकाळी वामनराव आले तेव्हा पडद्यावर कपाशीच्या हिरव्या ओळी उमटल्या होत्या. एक ठेंगणा माणूस पाठीवर पंप घेऊन अळ्या मारत चालला होता.

"हा आमचा सालदार," वामनराव हसले. "शरदनं बनवला."

"मंग आज त्याचं साल भरलं, काका. आखाजीले जुना गडी सुटते, नवा लागते."

"माह्या घरून कोनी सुटत नाही बे."

पडद्यावरचा माणूस थांबला. वामनरावांनी बटणं दाबून पाहिली. तो ओळ सोडून सरळ काचेकडे यायला लागला.

"काऊन बे, हा औषधाचा वास कुठून येऊन राह्यला?"

नौशादलाही तो आला. उग्र, घशात बसणारा. त्यानं कार्ड उपसलं.

माणूस येतच राहिला.

त्यानं टीव्हीची वायर ओढली.

माणसानं पंपाचा दांडा हलवला.

वामनराव खुर्चीतून घसरले. तोंडाला फेस आला होता, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"फवारनीले गेले होते काय?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं.

"वैशाखात कुठं कपाशी असते, साहेब," नौशाद म्हणाला.

दुकान उघडंच टाकून आला होता, ते बंद करायला तो परतला. वायर जमिनीवर पडली होती आणि टीव्ही चालू होता. पहिला माणूस पंप उतरवून बांधावर बसला होता. गेममध्ये कधीच नसलेला एक दुसरा माणूस तो पंप पाठीवर चढवत होता. त्याला पट्टा नीट लावता येत नव्हता.

इस्पितळातून फोन आला. नौशादनं तो उचलला नाही. त्याला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

दुसरा माणूस पहिल्या ओळीत शिरला. तो दम खायला थांबला, की बांधावरचा उठून उभा राहायचा.