चौथा कुकारा

पहिली खटकलेली गोष्ट एवढीशी होती, की रिनाने ती कोणाला सांगितलीही नसती. मोहफुलं वेचायला त्या तिघीच आल्या होत्या, आणि रानातून कुकारे चार आले.

गोंडपिपरीच्या पलीकडच्या त्या रानात मोह वेचायची एक रीत आहे. प्रत्येकीचं झाड ठरलेलं. उजाडता उजाडता आपापल्या झाडाखाली वाकायचं, आणि मध्येच एकीने तोंडाशी हात धरून 'कूऽऽ' असा कुकारा घालायचा. मग दुसरीने, मग तिसरीने. नाव घ्यायचं नाही, बोलायचं नाही. मी आहे, मला वाघाने नेलेलं नाही, एवढंच एकमेकींना कळवायचं.

आधी शेजारच्या ठमाबाईचा कुकारा आला, घोगरा. मग आईचा. मग रिनाने घातला. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकून आल्यापासून तिला त्याची जरा लाजच वाटायची. ती पुन्हा खाली वाकते न वाकते तोच, आईच्या झाडापलीकडून, नाल्याच्या अंगाने, आणखी एक आला. बारीक. ओल्या घशातून निघाल्यासारखा.

रिनाच्या ओंजळीतली फुलं गळली. ती तशीच ठमाबाईकडे गेली. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आदल्या सांजेला जाळलेला. जमीन काळी, अजून कोमट. धूर आणि मोहाचा गोड आंबूस वास घशात बसत होता.

"ठमाबाई, आपल्यासंगं आणखी कोणी आलं का?"

ठमाबाई वेचतच राहिली. "तुले बी आयकू आला?"

"म्हणजे?"

"बुधरी व्हय ते. मागच्या साली नाल्यावर वाघानं नेली तिले. लय कुकारे घातले बाईनं. गावातून लोकं काठ्या अन् डफडे घेऊन पोहोचले, तवा टोपलीच होती." ठमाबाईने मान वर केली नाही. "आता आपण घातला का ती बी घालते. तिकडं पाहाचं नाई. टोपली भरली का घरी."

रिना म्हणजे मांजर आडवं गेलं तरी दचकणारी पोरगी. होस्टेलात दिवा जळता ठेवून झोपायची, म्हणून तिची आई, केसरबाई, तिला हसायची. "आपण बुद्धाचे लोकं, पोरी. आपण भूत मानत नाई, अन् भेत बी नाई." आणि केसरबाई बोलायची तशी वागायची. मसणवटीच्या वाटेने एकटी सरपण आणायची.

ठमाबाईने पुढचा कुकारा घातला. आता पाळी आईची.

काहीच आलं नाही.

पाखरंसुद्धा गप्प झाली होती. मग आईच्या जागी, आईच्या पाळीला, नाल्याकडून तो बारीक आवाज आला.

ठमाबाईने टोपली डोक्यावर घेतली. "चाल. गावातून माणसं आणू."

"अन् आई?"

"उत्तर नाई आलं त आत जाचं नसते."

"बुधरीच्या वेळी पण असंच केलं ना तुम्ही?"

ठमाबाईने डोक्यावरची टोपली सावरली. मग म्हणाली, "तू शिकेल हायेस. तुले कराचं ते कर." तिच्या पावलांखाली वाळली पानं वाजत गेली... वाजायची थांबली.

मोबाइलला रेंज नव्हती. रिनाची पावलं आपोआप गावाकडे वळली होती. भीती पायांत होती, जिभेवर होती. भीती जाईल आणि मग आपण निघू, असं काही होणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं. घरी रोज संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून आई त्रिशरणाच्या तीन ओळी म्हणायची. आई एक ओळ सांगायची आणि रिना मागून म्हणायची. मागून म्हणणं सोपं असतं.

तिने हात जोडले, नाल्याकडे तोंड केलं आणि पहिली ओळ मोठ्याने सांगितली. बुद्धाची. थांबली.

उत्तर नाही.

ती चालू लागली. आईचं झाड आलं. टोपली भरलेली होती, एकही फूल सांडलेलं नव्हतं. शेजारी आईच्या चपला, विहाराच्या पायरीशी काढून ठेवाव्यात तशा, नीट जोडून.

"आई..." तिच्या तोंडून निघालंच. मग तिने दुसरी ओळ सांगितली, धम्माची. आवाज मधेच फाटला, तरी पुरी केली. पुढे उतार होता, आणि उतारावरून ओल्या कातड्याचा वास येत होता. पळावंसं वाटलं. ती एकेक पाऊल खाली उतरत राहिली.

तिसरी ओळ राहिली होती, संघाची. एकटीने म्हणायला ती फार मोठी वाटली. रिनाने डोळे उघडेच ठेवले आणि ती सांगितली.

नाल्याच्या काठच्या झुडपांतून आईने ती मागून म्हटली. दमलेला, खालचा आवाज, पण शब्द न् शब्द स्पष्ट. आई जिवंत होती. रिनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि आईची ओळ संपायच्या आत, तिच्या अगदी जवळून, तीच ओळ दुसरं कोणीतरी म्हणू लागलं... बारीक, ओल्या घशाने, अडखळत, नव्याने शिकणाऱ्यासारखं.