भुलगंधाबाहेरची बाग

जुलैत थांगरिंग खोऱ्यातली सफरचंदं लिंबाएवढी होतात. पूर्वी या दिवसांत उतारावर फवारणीचे पंप घरघरत असायचे. आता ऐकू यायची ती फक्त खालची नदी. प्रत्येक झाडाच्या फांदीला बोटाएवढी पांढरी नळी टांगलेली होती, आणि वारा सुटला की हजारो नळ्या एकदम हलायच्या.

प्रतिभा गायधनी त्या झाडांखालून वर चालली होती. मूळची निफाडची, द्राक्षबागांत वाढलेली. किन्नौरमधल्या या खोऱ्यातल्या पीकसंरक्षण केंद्रात ती एकटीच शास्त्रज्ञ होती, आणि नळ्यांची ही व्यवस्था तिनेच बसवली होती.

फळं पोखरणारा कोडलिंग पतंग कधीकाळी खिंडीपलीकडे लडाखातच असायचा. हिवाळे सौम्य होत गेले तसा तो इकडे उतरला. त्याची मादी एक गंध सोडते आणि त्या वासाच्या मागावर नर तिच्यापर्यंत पोहोचतो. नळ्यांमधून तोच गंध खोरंभर पसरत राहायचा. जिकडेतिकडे मादीचा वास, त्यामुळे खरी मादी नराला सापडायचीच नाही. लोक त्याला भुलगंध म्हणत. मावा, खपल्या रोग किंवा एखाद्या पतंगाचीही चाहूल लागली की झाडांवरचे संवेदक कळवायचे, आणि ड्रोन नेमक्या त्याच झाडावर मित्रकीटक नाहीतर औषध सोडून जायचे. विषारी फवारे जवळजवळ थांबले होते. नदीत पुन्हा मासे दिसू लागले होते.

बागेत माणसाचं काम उरलं नाही, तशी माणसंही उरली नाहीत. मालक चंदीगडला, दिल्लीला राहायला गेले आणि तिथून फोनवर बागा पाहू लागले. तोडणीला मजुरांच्या टोळ्या यायच्या आणि पेट्या भरून निघून जायच्या. एरवी घरांना कुलपं. प्रतिभाचे कित्येक दिवस कुणाशी न बोलता जायचे. सोमवारी वर पोहोचून पहिला शब्द बोलताना तिचा घसा खरखरायचा.

सोमवारी ती विद्यासैन नेगींकडे जायची. शेवटच्या वळणावरची त्यांची बाग तेवढी भुलगंधाबाहेर होती. त्यांनी नळ्या लावू दिल्या नव्हत्या, संवेदकही नाहीत. त्यामुळे सगळं हातानेच करावं लागायचं: मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत अडकलेले पतंग मोजायचे, खोडांना बांधलेले गोणपाटाचे पट्टे सोडून आतल्या अळ्या वेचायच्या, गळलेली किडकी फळं गोळा करून पुरायची, अळ्या मारणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांचे कोष चिकटवलेली कार्डं पानांमागे अडकवायची. दोघं मिळून हे करत आणि मग ओसरीवर खारा चहा पीत.

"नेगीजी, नळ्या लावल्या तर हे कष्ट वाचतील," प्रतिभाने त्या दिवशी पुन्हा सांगून पाहिलं.

"ठाऊक आहे."

"मग अडचण काय आहे?"

नेगी गोणपाटाची गाठ सोडत होते. बोटं वाकडी झालेली, त्यामुळे वेळ लागत होता. "नळ्या लावल्या तर तू कशाला येशील, बेटी?" ते सहज म्हणाले आणि पट्टा झटकू लागले.

एवढी वर्षं प्रतिभाला वाटत होतं की म्हाताऱ्याचा यंत्रांवर विश्वास नाही.

त्याच वर्षीच्या तोडणीत खालच्या काही बागांमध्ये पोखरलेली फळं निघाली. मालकांच्या संघाची फोनवरच बैठक झाली. खोऱ्यात एकच बाग बाहेर आहे, तर कीड तिथूनच येणार, हे सगळ्यांना उघड वाटलं. पुरावा पुरेसा नाही, थोडं थांबू, असं प्रतिभाने दोनदा सांगून पाहिलं. पण ठराव झाला: एकही बाग बाहेर राहता कामा नये. कळवायला तीच वर गेली.

नेगींनी वाद घातला नाही. "मुलगा कधीचा बोलावतोय," ते म्हणाले. "आता इथे राहून तरी काय करू?"

बर्फ पडायच्या आत ते चंदीगडला गेले. त्यांच्या बागेतही नळ्या हलू लागल्या. त्या हिवाळ्यात प्रतिभाने वर जाणारी वाट एकदाही धरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात संवेदक शांत होते. फोनच्या पडद्यावर सगळ्या बागा हिरव्या दिसत होत्या. पण प्रतिभाने सहज एक फळ कापलं तर आत गाभ्यापर्यंत भुसा. दुसरं कापलं, तिसरं कापलं. पलीकडच्या बागेतही तेच.

तिने अळ्या पाळल्या, त्यांचे पतंग होऊ दिले आणि माद्यांचा गंध यंत्रावर तपासला. तो बदललेला होता. फरक थोडासाच, पण भुलगंधापासून वेगळा ओळखू येईल एवढा होता. वर्षानुवर्षं एकाच वासाने कोंदलेल्या खोऱ्यात ज्या थोड्या माद्यांचा वास जरा निराळा होता, त्यांनाच नर सापडले होते. आता सगळीकडे त्यांचीच प्रजा होती. संवेदक जुन्या वासावर बेतलेले, त्यांना ही प्रजा कळतच नव्हती.

केंद्रात जुने नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासल्यावर तिला खरा धक्का बसला. बदललेला वास आजचा नव्हता, चार-पाच वर्षांपूर्वीच तो खोऱ्यात उगवला होता. पण नेगींच्या बागेत जुन्या वासाचे साधे पतंग टिकून होते. ते बाहेर उडत, नव्या वासाच्या पतंगांशी त्यांचा संकर होई आणि पिल्लांमधला वेगळेपणा फिका पडे. ती पिल्लं पुन्हा भुलगंधाला फसत. शिवाय खायला अळ्या होत्या म्हणून गांधीलमाश्याही त्याच बागेत तगल्या होत्या. तिथून कीड पसरत नव्हती, उलट ती बागच कीड रोखून धरत होती. हे ना नेगींना ठाऊक होतं, ना तिला.

तिने चंदीगडला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"म्हणजे झाडं नळ्यांविना ठेवायची. थोडी कीड राहू द्यायची, पण हाताबाहेर जाऊ द्यायची नाही," नेगी म्हणाले.

"हो. आणि ते यंत्राला जमणार नाही. रोज डोळ्यांखाली घालावं लागेल."

"मुलगा नको म्हणेल."

"मी त्याच्याशी बोलू का?"

"नको. मीच सांगतो त्याला." मग त्यांनी विचारलं, "साधे पतंग उरलेत का पण?"

"खिंडीपलीकडून आणावे लागतील."

पुढच्या एप्रिलमध्ये, कळ्या गुलाबी झाल्या तेव्हा नेगी परतले. दोघांनी मिळून त्यांच्या बागेतल्या नळ्या उतरवल्या. मात्र एवढ्या पसरलेल्या किडीला आता एक बाग पुरणार नव्हती. खोऱ्यात ठिकठिकाणी अशा मोकळ्या बागा हव्या होत्या, आणि प्रत्येक बागेत राहणारं एक माणूस. प्रतिभा नेगींच्या ओसरीवर बसून एकेका मालकाला फोन करू लागली. बहुतेकांनी विचारलं, यावर दुसरं यंत्र निघणार नाही का? काहींनी फोन उचललाच नाही.

यांगचेन नावाच्या एका बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. नेगींच्या खालची बाग त्यांची. चंदीगडला दातांचा दवाखाना होता, तो नुकताच मुलीच्या हाती सोपवला होता. त्यांनी खोडांच्या पट्ट्यांविषयी विचारलं, गांधीलमाश्या माणसाला चावतात का तेही विचारलं. मग जराशा संकोचाने म्हणाल्या, "काम करीन हो मी. पण सगळी घरं बंद आहेत तिथली. दिवसभर बोलायचं कुणाशी?"

प्रतिभाने फोन नेगींच्या हातात दिला आणि बाईंचा प्रश्न सांगितला.

नेगींनी फोन कानाला लावला. खाली उतारावर आपल्याशीच डोलणाऱ्या पांढऱ्या नळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"आणि चंदीगडला, बेटी," त्यांनी विचारलं, "तिथे तू कुणाशी बोलतेस?"